शाईच्या पेनाचा ताळेबंद

छत्री, पुस्तक आणि पेन या तीन वस्तू कुणी मागितल्या तर नाही म्हणता येत नाही आणि दिल्या तर परत मिळत नाहीत, असा एक जुना सिद्धांत आहे. यांपैकी छत्रीचा प्रश्न फक्त चार महिन्यांचा. पुस्तकाचा प्रश्न आता मिटल्यातच जमा आहे, कारण मागणारेच उरले नाहीत. राहता राहिले पेन. बँकेच्या काउंटरमागे मी वीसएक वर्षे बसतो आहे. एवढ्या काळात "जरा पेन द्या हो" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा देवळातल्या पुजाऱ्याने घंटाही ऐकली नसेल. यावर बँकांनी शोधलेला उपाय सर्वांना ठाऊक आहे: पेनाला दोरी. जिच्यावर विश्वास ठेवून तुम्ही जन्माची पुंजी तिच्या हवाली करता, ती बँक पाच रुपयांच्या पेनाबाबत तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, हा विनोद प्रत्येक खातेदार एकदा तरी करतोच. आणि करून झाल्यावर त्या पेनाचे टोपण खिशात घालून जातो.

या नियमातून सुटलेली एकच जमात आहे: शाईचे पेन वापरणाऱ्यांची. त्यांना पेन मागून बघा. ते खिशावर हात ठेवतात, चेहरा दिलगीर करतात आणि म्हणतात, "दिलं असतं हो, पण शाईचं आहे. निब हाताला बसलीय." म्हणजे नकार तर दिलाच, वर मागणाऱ्यालाच वाटायला लावले की आपण काहीतरी भलतेच मागितले, शेजाऱ्याची कवळी मागावी तसे. इतका सभ्य नकार देता येणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. तेवढ्यासाठी तरी शाईच्या पेनाच्या जमेच्या बाजूला पहिली नोंद करायला हरकत नाही.

अलीकडे या पेनाचे भक्त वाढले आहेत. गंमत म्हणजे ते म्हातारे नाहीत. दिवसभर संगणकावर बोटे बडवणारी, कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेसुद्धा मोबाइलवरून देणारी तिशीतली मुले संध्याकाळी घरी जाऊन पेने धुतात. आमच्या शाखेत नव्याने आलेले एक साहेब या पंथाचे आहेत. त्यांच्याकडे पेने ठेवायची चामड्याची गुंडाळी आहे. सुताराकडे पटाश्यांची असते तशी. दर सोमवारी शाई बदलते. "ही बघा, वाळल्यावर कडेला जरा जांभळी दिसते," असे म्हणून ते कागद माझ्यापुढे धरतात. मी बघतो. मला वाळलेली शाई दिसते.

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, हल्ली वड्याचीही होते. पण ज्या हत्याराने लिहायचे त्याची समीक्षा सहसा कुणी करत नाही. साहित्यिकांना सवड नसते. मी साहित्यिक नाही, बी.कॉम. आहे, पण ज्या वाङ्मयाला सर्वांत जास्त लेखक आहेत, ते म्हणजे पैसे भरण्याच्या आणि काढण्याच्या स्लिपा, मी इतकी वर्षे रोज वाचतो आहे. तेव्हा भक्तांनी केलेल्या दाव्यांची छाननी, कर्जाच्या अर्जाची करतात तशी, एकेक मुद्दा घेऊन करावी म्हणतो.

छाननी अर्जदाराच्या पूर्वपीठिकेपासून सुरू होते. शाईच्या पेनाआधी टाक होता आणि टाकाआधी बोरू. दोघांचा दोष एकच: चार शब्द झाले की दौतीकडे धाव. लिहिणाऱ्याचा निम्मा जन्म दौत ते कागद या प्रवासात जाई. शाई पेनाच्या पोटातच भरून ठेवावी, ही कल्पना कुणालाही सुचण्यासारखी होती आणि अनेकांना सुचलीही. पेट्राके पोएनारू नावाच्या रुमानियन विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये १८२७ साली असल्या पेनाचे पेटंट घेतले. पण अडचण शाई आत भरण्याची नव्हती. ती वेळेवर आणि मापात बाहेर येण्याची होती. एक तर ती येतच नसे, नाही तर सगळी एकदम येई, सरकारी अनुदानासारखी. ही अडचण बऱ्यापैकी सोडवणारे पेटंट लुइस वॉटरमन यांनी न्यूयॉर्कमध्ये १८८४ साली मिळवले. हे गृहस्थ विमा एजंट होते, ऐन सहीच्या वेळी पेन गळाले म्हणून एक मोठे गिऱ्हाईक हातचे गेले, आणि त्या संतापात त्यांनी नवे पेन शोधले, अशी कथा सांगतात. अभ्यासकांना ती जाहिरातीसाठी मागाहून रचलेली वाटते. मलाही वाटते. विमा एजंटाच्या तावडीतून गिऱ्हाईक निसटले, इथेच कथा लंगडी पडते.

आपल्याकडे हे पेन गोऱ्या साहेबाच्या खिशातून आले. पण शाई लवकरच देशी झाली. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छापाची शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या, आणि पुढे फाउंटन पेनाची शाई काढली तेव्हा घोड्याचा उंट झाला. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना यात वावगे वाटू नये: घोडा उडी मारतो, उंट तिरका जातो, आणि शाळकरी पोराच्या वहीवर डाग या दोन्ही चालींनी पडतात. तिकडे राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी फाउंटन पेन बनवून गांधीजींना पाठवले. गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून पत्र लिहून पोच दिली आणि वर, आपण पेन वापरून पाहिले, बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय दिसते, असे कळवले. वापरून बघून मग अभिप्राय द्यायचा, ही पद्धत समीक्षकांनी तेव्हापासून उचलायला हरकत नव्हती.

आता यंत्राकडे वळू. निब म्हणजे धातूची वाकवलेली पाकळी. तिच्या मधोमध केसाएवढी चीर, चिरेच्या वरच्या टोकाला बारीक भोक, आणि लिहिण्याच्या टोकाला इरिडियमच्या कुळातल्या कठीण धातूचा ठिपका. निबच्या पोटाशी खाचा पाडलेली काळी पट्टी असते, ती जिभली. दिव्याची वात तेल ओढते त्याच न्यायाने, म्हणजे शाळेत शिकवलेल्या केशाकर्षणाने, शाई या वाटेने कागदावर उतरते. आणि जेवढी शाई खाली येते तेवढी हवा जिभलीच्या खाचेतून वर जाते. म्हणजे इकडे नावे पडले की तिकडे जमा. द्विनोंदी पद्धतीने चालणारे हे एकमेव लेखनसाधन आहे. वाणिज्य शाखेच्या माणसाला ते मनातून आवडते, त्याचे गुपित बहुधा इथे असावे.

हवा वाजवीपेक्षा जास्त झाली की मात्र हिशेब चुकतो. पेन निम्मे रिकामे असले की त्यात निम्मी हवा असते. शर्टाच्या खिशात अंगाच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. ड्रॉपरने भरायच्या पेनात हे जास्त, कारण त्याची सगळी नळीच टाकी असते. पेन कायम भरलेले ठेवावे, असे जुनी माणसे सांगत, ते उगीच नाही. विमानात बाहेरचा दाब कमी होतो आणि हीच गत होते. म्हणून तिथे पेन काठोकाठ भरून किंवा ठणठणीत रिकामे करून, टोक वर ठेवून न्यावे. गळणे हा पेनाचा दुर्गुण नसून भौतिकशास्त्राचा नियम आहे, असे भक्त बजावतात. मान्य. पण पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली निळे बेट उगवल्यावर घरात भौतिकशास्त्र समजावून सांगायला जाणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही.

आता दावे.

पहिला दावा: शाईच्या पेनाने अक्षर सुधारते. आमच्या शाळेत चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीपासून पेन असा दंडक होता. पाचवीत हातात पडणारे पेन म्हणजे एक प्रकारची मुंजच. फरक एवढाच की मुंजीत भिक्षा मिळते, इथे बोटे निळी होतात. बॉलपेन दिसले की गुरुजी ते जप्त करत. बॉलपेनने अक्षराची माती होते, यावर त्यांची श्रद्धा होती. त्या वर्गात आम्ही चाळीस जण एकाच तऱ्हेच्या पेनाने, एकाच दौतीतल्या शाईने, एकाच गुरुजींच्या छडीखाली लिहायला शिकलो आणि चाळीस तऱ्हेची अक्षरे घेऊन बाहेर पडलो. त्यांतली सात-आठ सुरेख होती. ती सात-आठ मुले पेन्सिलीनेही सुरेखच लिहीत. उरलेल्यांतला एक पुढे डॉक्टर झाला, म्हणजे त्याचे अक्षर निदान कामी आले.

खरे सांगायचे तर देवनागरीची शोभा बोरूची आहे. बोरूचे टोक तिरपे कापत. त्यामुळे एकाच अक्षरात जाड आणि बारीक रेघ आपसूक येई. नेहमीच्या निबचे टोक गोल. तिने काढलेली रेघ शिरोरेषेपासून उकारापर्यंत एकाच अंगाची. तिरप्या टोकाची कट निब मिळते, पण ती कुठल्या बाजूला तिरपी हे बघून घ्यावी लागते. इंग्रजी अक्षरांसाठी कापलेली निब मराठीला उलटी पडते. तेव्हा सुलेखनाचे श्रेय शाईच्या पेनाने घेणे म्हणजे आजोबांनी बांधलेल्या वाड्यावर नातवाने पाटी लावण्यासारखे आहे.

मग दाव्यात तथ्य काहीच नाही? आहे, पण ते जरा बाजूला पडलेले आहे. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट. टोकाची गोळी फिरायला दाब लागतो, म्हणून पेन उभे धरून रेटावे लागते. शाईच्या पेनाला कागदावर नुसते टेकवले तरी पुरते. अक्षर त्यामुळे सुधारत नाही. ते बिघडायला जास्त वेळ लागतो. तीन तासांचा पेपर लिहिलेल्या कोणालाही ही सवलत केवढी मोठी आहे ते कळेल.

दुसरा दावा: या पेनाने चांगले सुचते. इथे मी फक्त एक दाखला ठेवतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले, ते पेन्सिलीने. शाई-पेन वापरायची परवानगीच नव्हती. एवढा ग्रंथ पेन्सिलीने होत असेल, तर सुचण्याचा आणि निबचा संबंध काय तो उघड आहे. उलट बाजूचा पुरावा आमच्या शाखेतच आहे. साहेबांच्या सर्वांत महागड्या पेनाला अठरा कॅरट सोन्याची निब आहे. तिने ते आमच्या टिपणांवर रोज लिहितात काय, तर 'चर्चा करावी'. आणि खाली तारीख.

तिसरा दावा: जन्मभर टिकते. सोन्याची निब गंजत नाही, हे खरे. जुन्या शाया आम्लधर्मी, त्या लोखंड खात. म्हणून निबला सोने आले, श्रीमंती मिरवण्यासाठी नव्हे. पण पेन गंजून जात नाही, पेन हरवते. मालमत्तेवर दरवर्षी समान घसारा काढण्याची पद्धत आम्हाला कॉलेजात शिकवली. पेनाला ती लागू पडत नाही. पेन लोकलमध्ये चढताना पूर्ण किमतीचे असते आणि उतरताना शून्य. शिवाय जन्मभर टिकणारी वस्तू घेणाऱ्याकडे ती एकच असायला हवी. साहेबांकडे चौदा आहेत. लग्नातसुद्धा आपण सातच जन्मांचा करार करतो. 'प्लॅस्टिकचा कचरा होत नाही' हा पोटदावाही याच चौदांखाली चिरडला जातो.

चौथा दावा: या पेनाने लिहिताना माणूस संथ होतो, मन शांत होते. एक तारखेला पेन्शनरांची रांग जिन्यापर्यंत गेलेली असताना हा दावा काउंटरवर येऊन कुणी मांडून दाखवावा. मी त्याला चहा पाजीन.

भक्तांच्या तोंडी बॉलपेनची जी निंदा असते तीही तपासली पाहिजे. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने १९३८ साली बॉलपेनचे पेटंट नोंदवले. युद्धात ब्रिटिश हवाई दलाने ही पेने घेतली, कारण उंचावर ती गळत नव्हती. ऑक्टोबर १९४५मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात बॉलपेन साडेबारा डॉलरला विकायला आले आणि लोकांनी झुंबड करून घेतले. मिल्टन रेनॉल्ड्स या विक्रेत्याची जाहिरात होती की ते पाण्याखालीही लिहिते. पाण्याखाली माणसाला काय लिहायचे असते, हे कुणी विचारले नाही. पुढे बॉलपेन इतके स्वस्त झाले की ज्यांच्या घरी दौत ठेवायला कोनाडा नव्हता त्यांच्या हातीही लेखणी आली. शिवाय तीन कार्बन घालून चार प्रती काढायच्या तर दाब लागतोच. तिथे शाईचे पेन पहिल्याच कागदावर दमते. पावत्या, चलने, रेल्वेचे फॉर्म या सगळ्यांनी भरलेले निम्मे शतक बॉलपेनने तोलून धरले. त्याला घाटी म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. त्याने हमाली केली. आणि हमालाला आपण दिवाणखान्यात बोलवत नाही, हा दोष हमालाचा नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की कर्ज नामंजूर झाले. थांबा. भक्त ज्या गोष्टी सांगतात त्या टिकत नाहीत, एवढेच सिद्ध झाले. जमेची खरी रक्कम त्यांनी अर्जात लिहिलेलीच नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा संगणक येऊन बसले होते आणि खतावण्या तळघरात जात होत्या. त्या बांधून ठेवायचे काम नवीन म्हणून माझ्याकडे आले. एकेक खतावणी म्हणजे पाटावर मावणार नाही एवढी. सगळ्या नोंदी निळ्या-काळ्या शाईच्या. या शाईची खुबी अशी, की मायफळाचा अर्क आणि हिराकस यांच्या संयोगाने ती बनते. लिहिताना फिकट निळी असते आणि हवा लागेल तशी कागदाच्या धाग्यांत मुरून काळी होत जाते. म्हणजे लिहिणारा उठून घरी गेला तरी अक्षर आपले काम करत राहते. त्या खतावण्यांतली पन्नास वर्षांपूर्वीची नोंदही लख्ख वाचता येत होती. जुने शिपाई पान उलटून सांगत, "हे अमुकसाहेबांचं अक्षर. सात आकडा असा फक्त तेच काढायचे." ते साहेब निवृत्त होऊन कधीच वारले होते, त्यांचा सात हजर होता. आज एटीएममधून येणारी पावती पाकिटात ठेवा आणि काही महिन्यांनी उघडून बघा. कोरा कागद हाती येतो. शिल्लक किती ते जाऊ द्या, शिल्लक होती का हेही कळत नाही.

दुसरी नोंद याहून मोठी आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या चौकात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा असतो: निळा कोट, हातात संविधान आणि कोटाच्या वरच्या खिशाला पेन. बाबासाहेबांना चांगल्या पेनांची मनापासून आवड होती. पण पुतळा घडवणारा शिल्पकार, मग तो मोठा कलावंत असो की गावातला मूर्तिकार, ते इवलेसे पेन विसरत नाही, त्याचे कारण आवडीपुरते नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लेखणीला हात लावू दिला नाही, त्यांच्या दृष्टीने ते पेन म्हणजे दागिना नव्हे, सातबारा आहे. आमच्या शाखेत खेड्यापाड्यांतून येणारे काही जुने खातेदार खिशाला शाईचे पेन लावून येत आणि फॉर्म माझ्याकडून भरून घेत. सुरुवातीला मला याचे हसू येई. एकदा त्यांच्यातल्या एकाने सहज सांगितले, "पोरानं पहिल्या पगारातून घेतलंय." पेन लिहिण्यासाठी नव्हते; घरात लिहिणारा आहे, हे सांगण्यासाठी होते. बॉलपेनने हे काम होत नाही. जे कुणाच्याही खिशाला असते, ते काहीच सांगत नाही.

तिसरी नोंद नोव्हेंबर महिन्यातली. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. आपण जिवंत आहोत, हे माणसाने स्वतः येऊन सांगितले तरी पुरत नाही. सही जुळावी लागते. एक निवृत्त मास्तर होते, ऐंशीच्या पुढचे. हाताला कंप. काउंटरवरच्या दोरीच्या पेनाने त्यांनी सही केली ती नमुन्याच्या सहीशी कुठेच जुळेना. गोळी फिरवायला दाबावे तर हात जास्त कापे, आणि न दाबावे तर उमटे काहीच नाही. दुसरी केली, तिसरी केली. मागे रांग वाढत होती. मास्तर जरा गोरेमोरे झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाला तीनदा नापास होणे लागते. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून काळे, जुने, टोपणाचा रंग गेलेले शाईचे पेन काढले, टोपण मागच्या बाजूला लावले, आणि निब कागदाला नुसती टेकवून सही केली. नमुन्याशी तंतोतंत जुळली असे मी म्हणणार नाही. पण आडनावाच्या शेवटच्या अक्षराला खालून वर गेलेला एक फाटा होता, तो १९७९ सालच्या नमुना-कार्डावर जसा होता तसाच आला. हाताला जे आठवत नव्हते ते पेनाला आठवले. साहेबांनी कार्ड पाहिले, सही पाहिली, मास्तरांकडे पाहिले आणि चर्चा न करता सही केली.

पुढच्या वर्षी मास्तरांना मीच अंगठ्याच्या यंत्रावर बसवले. २०१४ सालापासून हयातीचा दाखला तसाही देता येतो. यंत्राने त्यांचा अंगठा चार वेळा नाकारला. खडू धरून आणि वय होऊन बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. मास्तर म्हणाले, "अंगठेबहाद्दर होणं एवढं सोपं नसतं हो." आणि कोटाच्या आतल्या खिशाकडे हात नेला.

तेव्हा माझ्या मते शाईच्या पेनाचा मोह आहे तो इथे. ते माणसाला चांगला लेखक करत नाही, शांत करत नाही आणि श्रीमंत तर नाहीच नाही. ते एका माणसाचे होते, बस्स. दाब न मागणारे हत्यार हाताची सवय पुसून टाकत नाही, ती जपते. ज्या काळात माझे नाव संगणकाच्या ज्या अक्षरांत छापले जाते त्याच अक्षरांत शेजाऱ्याचेही छापले जाते, त्या काळात आपला सात आपल्यासारखाच निघावा, एवढीच ती हौस. चामड्याच्या गुंडाळीतली चौदा पेने हीच हौस भागवायला धडपडतात. पण चौदांच्या हातात एक हात कसा बसणार?

आता शिफारशी. पेन एक घ्यावे, साधे, पोलादी निबचे. शाई फाउंटन पेनाचीच भरावी. चित्रकलेची चिवट काळी शाई भरली तर जिभली कायमची बसते. महिन्या-दोन महिन्यांनी साध्या पाण्याने धुवावे. कागद जरा गुळगुळीत घ्यावा, नाही तर अक्षराला मिश्या फुटतात. चेक लिहिताना शाई पूर्ण वाळू द्यावी, कारण डिसेंबर २०१० पासून चेकवरची खाडाखोड चालत नाही; रिझर्व्ह बँक शिंतोड्याला भौतिकशास्त्र म्हणून माफ करत नाही. आणि पाचवीतल्या पोराला हे पेन एकदा तरी हाती द्यावे. बोटे निळी झाल्याने कुणाचे काही अडल्याचे ऐकिवात नाही.

पेन घेताना दुकानात एक गोष्ट जरूर बघावी. काउंटरवर पेन चालवून बघायला एक वही ठेवलेली असते. परवा ती मी चाळली. एका पानावर कुणी 'श्री' काढला होता, दोन ठिकाणी नुसत्या नागमोडी रेघा होत्या, आणि बाकी सगळ्या सह्या. नवे पेन हातात आले की सुविचार कुणी लिहीत नाही, गणित कुणी मांडत नाही. माणूस स्वतःचे नाव लिहितो आणि ते बरे दिसते का ते जरा लांब धरून बघतो. मला ते फार आवडले. मग माझ्यातला बँकेचा माणूस जागा झाला. शे-दीडशे माणसांच्या अस्सल सह्या, उघड्या काउंटरवर, कुणीही टिपून घ्याव्यात अशा! मी दुकानदाराला म्हटले, "अहो, ही वही कपाटात ठेवा. फार जोखमीची आहे."

तो म्हणाला, "ठेवतो. पण आधी तुमचं पेन चालतंय का बघा. इथं खाली जागा आहे, सही करा."